दोन आडनावांची आई आणि कॉलेजचा अर्ज

मंडळाच्या गेल्या कार्यक्रमात दोघीतिघींनी विचारलं, "तू त्या मेक्सिकन मुलीला कॉलेजसाठी मदत केलीस म्हणे, आम्हालाही असं काही करायचंय. नेमकं काय करावं लागतं?" सांगायला लागले तोवर जेवणाची रांग पुढे सरकली आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. मुलीचं किंवा तिच्या शाळेचं नाव लिहिणार नाही. तिचा जन्म इथला, ती अमेरिकन नागरिक आहे, पण आईवडिलांकडे इथे राहण्याचे कागद नाहीत. हा मजकूर तिने आधी वाचला, एक परिच्छेद काढायला लावला, आणि मग हो म्हणाली.

आमची ओळख झाली ती २०२३ च्या उन्हाळ्यात. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, म्हणून सॅन होजेच्या मुख्य वाचनालयात इंग्रजी संभाषणाच्या गटात मदतीला जायचे. तिची आई तिथे यायची. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातली बाई, दिवसभर लोकांची घरं साफ करून संध्याकाळी वहीपेन घेऊन पहिल्या रांगेत बसायची. मला 'मायेस्त्रा' म्हणायची, म्हणजे बाई, आपण शाळेत म्हणायचो तसं. मी त्यांना सेन्योरा म्हणते, अजूनही. नवरा बागकामाच्या टोळीत, बहुतेक कामं कुपर्टिनोत. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारासमोरचं गवत कापून हा माणूस घरी जातो. एक दिवस सेन्योरांनी मुलीला सोबत आणलं आणि म्हणाल्या, हिला युनिव्हर्सिटीत जायचंय, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही शिकलेल्या आहात.

मी शिकलेले होते, पण नगर जिल्ह्यातून पुण्याला जाऊन. इथलं मलाही माहीत नव्हतं. मुलीला मात्र बरंच माहीत होतं, हे लगेच लक्षात आलं. बारावीचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं, मार्क उत्तम, आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना लागणारे 'ए-टू-जी' विषय पूर्ण होत आलेले. हे पंधरा वार्षिक अभ्यासक्रम असतात आणि प्रत्येकात किमान 'सी' लागतो. नववीपासून कुणीतरी लक्ष दिलं नाही तर बारावीत कळतं की एक विषय राहिलाच, आणि मग फार काही करता येत नाही. हिच्या शाळेत एका समुपदेशकाकडे शेकडो मुलं. हिने स्वतःच पाठपुरावा केला होता.

१ ऑक्टोबरला कॅल स्टेटचे, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे अर्ज उघडतात आणि नोव्हेंबरअखेर बंद होतात. एका कॅम्पसला ७० डॉलर, पण उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसपर्यंत फी माफ होते. माफी मिळणार की नाही, ते अर्ज भरता भरताच समजतं. एसएटी ही प्रवेशपरीक्षा हे लोक बघत नाहीत, निबंधही नाही. अर्ज एका शनिवारी दुपारी झाला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा अर्ज वेगळा. एसएटी त्यांनीही बंद केली आहे, पण तिथे आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तर लिहायचं असतं, आणि तिथे आमचे तीन आठवडे गेले.

कारण ती म्हणायची, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. मैत्रिणी कुठल्या स्पर्धा जिंकल्या होत्या, कुणी संस्था काढली होती. ही शाळा सुटल्यावर धाकट्या भावाला घेऊन यायची, स्वयंपाक करायची आणि दवाखान्यात, बँकेत, घरमालकाकडे आईसाठी दुभाषी व्हायची. नऊ वर्षांची असल्यापासून. एकदा डॉक्टर आईला जे सांगत होते त्यातलं अर्धं तिने भाषांतरित केलंच नाही, कारण आई घाबरली असती. ते तिने मला बस थांब्यावर सांगितलं, अगदी सहज. मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, "मिस, हे तर सगळेच करतात." तिच्या गल्लीत करत असतीलही. आपल्याकडे याच कामाला काही घरं खासगी सल्लागारांना हजारो डॉलर देतात आणि सल्लागार मुलांना 'अनुभव' शोधून देतो. इथे अनुभव दारात उभा होता आणि त्याला कुणी आत बोलावत नव्हतं. माझा एकच आग्रह होता की रडगाणं नको. काय केलं, कसं केलं, तेवढंच लिहायचं. शब्द तिचे. मदत करणाऱ्याने वाक्यं दुरुस्त करायचा मोह टाळावा. मी स्पेलिंगच्या पुढे गेले नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत. खरी परीक्षा पैशांच्या अर्जाची. फॅफ्सा म्हणजे केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज. केंद्राची पेल ग्रँट, राज्याची कॅल ग्रँट (दोन्ही परत न फेडायच्या), कॉलेजची स्वतःची मदत, सगळ्यांची चावी हीच. एरवी तो ऑक्टोबरमध्ये उघडतो. त्या वर्षी नवा, सुटसुटीत अर्ज येणार होता म्हणून उशीर झाला आणि तो डिसेंबरच्या शेवटच्या दोन दिवसांत उघडला, तोही काही तास चालू, मग बंद. नव्या पद्धतीत आई किंवा वडिलांना स्वतःचं खातं काढून आपल्या भागाला ऑनलाइन संमती द्यायची होती. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नसलेल्या पालकांनाही खातं काढता येईल असं जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात देशभर त्याच घरांचे अर्ज अडकले.

मध्ये घरात एक बैठक झाली, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वडील प्रथमच माझ्याशी सविस्तर बोलले. मुलगी भाषांतर करत होती. प्रश्न सरळ होता: आमचं नाव आणि पत्ता सरकारला द्यायचा का? आयकर ते दरवर्षी भरतात, त्यासाठीचा आयटिन नंबर आहे, म्हणजे पत्ता सरकारदरबारी नाही असं नाही. ही माहिती मदत ठरवण्यासाठीच वापरायची असं कायदा म्हणतो. पण पुढे कधीच काही होणार नाही, असं मी सांगू शकत नव्हते आणि सांगितलंही नाही. अशा वेळी 'काही होत नाही हो' म्हणणं फार सोपं असतं. त्यांना मोफत कायदा सल्ला केंद्रात जायला सांगितलं. ते गेले, वकिलाशी बोलले आणि आठवड्याने हो म्हणाले. 'नोतारिओ' अशी पाटी लावून पैसे घेणाऱ्यांकडे मात्र कुणाला पाठवू नका. ते वकील नसतात. आणि फॅफ्सा भरायला एक पैसाही लागत नाही.

जानेवारीत सेन्योरांचं खातं काढायला बसलो. पहिली अडचण नावाची. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं, एक वडिलांचं, एक आईचं, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. त्यांच्या वाहन परवान्यावर दोन्ही आडनावं, कर विवरणपत्रावर एकच, विजेच्या बिलावर दुसरंच. ज्यांच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आपल्या नावाला चिकटून 'गिव्हन नेम' झालंय, त्या मराठी बायकांना हा त्रास समजावून सांगायला नको. मी तर हसायलाच लागले आणि माझं ग्रीन कार्डच्या अर्जातलं नाव त्यांना दाखवलं. त्याही हसल्या. त्या संध्याकाळी झालेलं तेवढंच काम.

सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकांना ओळख पटवण्यासाठी पतइतिहासावर आधारित प्रश्न विचारत होते. जुनं कर्ज कोणतं, आधीचा पत्ता कोणता. ज्यांनी आयुष्यभर रोखीने व्यवहार केला, त्यांनी काय उत्तर द्यायचं? ते जमलं नाही तर फॅफ्साच्या मदतकेंद्राला फोन करून केस नंबर घ्यायचा आणि कागद ईमेलने पाठवायचे: ओळखपत्र आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र. कॅलिफोर्नियात २०१५ पासून कागद नसलेल्यांनाही वाहन परवाना मिळतो, तो इथे कामी आला. फोन पहाटे पाचला लावायचा, कारण तिकडे वॉशिंग्टनला आठ वाजलेले असतात. स्पॅनिशमध्ये बोलणारा माणूस मागता येतो. कागद पाठवल्यावर पोच यायला आठवडे लागले. मला सारखी तहसील कचेरी आठवत होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे, तिथून सेतूत. फरक इतकाच की तिथे खिडकीमागे निदान एक चेहरा असायचा, त्याच्यावर चिडता यायचं.

या भागातल्या दोनचार गोष्टी पुढच्यांसाठी. आईचं खातं आईनेच उघडायचं, पासवर्ड तिच्याच वहीत. मुलीने आईच्या नावाने किंवा मदतनिसाने कुणाच्याही नावाने खातं काढणं नियमाविरुद्ध आहे. आयटिन हा सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यात टाकायचा नाही, तो रकाना रिकामा सोडायचा. आईवडील दोघे लग्नाचे आणि विवरणपत्र एकत्र भरलेलं असेल, तर एकाचंच खातं पुरतं. मुलांनी शाळेचा ईमेल देऊ नये, शाळा संपली की तो बंद होतो आणि मदतीची पत्रं हवेत जातात. आणि तुमच्या फोनमध्ये त्यांच्या कागदांचे फोटो ठेवू नका. काम झालं की त्यांच्यासमोर पुसा.

फेब्रुवारीच्या अखेरीस अशा घरांसाठी तात्पुरती पळवाट जाहीर झाली, मार्चच्या मध्यात दुरुस्ती झाल्याचं कळलं. आमचा अर्ज त्यानंतरही रडतखडतच गेला. कॅल ग्रँटची मुदत एरवी २ मार्च असते. राज्याने ती आधी २ एप्रिल आणि मग २ मे केली. एप्रिलमध्ये राज्याने आणखी एक दार उघडलं: कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज, जो मूळ कागद नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तो हिच्यासारख्या मिश्र घरांतल्या नागरिक मुलांनाही भरता येईल, म्हणजे निदान राज्याची मदत बुडणार नाही. त्याची तयारी करून ठेवली आणि त्याच आठवड्यात फॅफ्सावर 'प्रक्रिया पूर्ण' असं दिसलं. मुलीने स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

दरम्यान प्रवेश मिळालेले होते. कॅल स्टेटच्याच सॅन होजे स्टेटमध्ये पब्लिक हेल्थ, आणि यूसी मर्सेड. मर्सेड २००५ मध्ये सुरू झालेलं, लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची मुलं निम्म्याहून जास्त, तिला ते मनापासून आवडलं होतं. गाडीने दोन तास. वडील म्हणाले, गावात युनिव्हर्सिटी असताना मुलीने परक्या गावात खोली घेऊन का राहायचं? हे वाक्य मी माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे, त्यामुळे रागही आला आणि हसूही. पण त्या घरात ती एकटीच होती जी घरमालकाचं पत्र वाचू शकत होती. 'पोरीला मोकळं सोडा' असं बाहेरून सांगणं मला पटेना. ती स्वतः दोन आठवडे धुमसली. खर्चाचं पत्र आलं तेव्हा सॅन होजेचा निर्णय झाला, अर्धा आकड्यांनी आणि अर्धा तिच्या भावाने.

आकडे असे. २०२४-२५ ला कॅल स्टेटची ट्यूशन ६,०८४ डॉलर होती, कॅम्पसची फी धरून सॅन होजेत आठ हजारांच्या वर. ट्यूशन कॅल ग्रँटने भरली. पेल ग्रँट त्या वर्षी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, ती पूर्ण मिळाली. उरलेली फी, पुस्तकं, जेवण, सगळं त्यातून. घरी राहिल्यामुळे कर्ज घ्यावं लागलं नाही. मर्सेडला वसतिगृह धरून दरवर्षी थोडं कर्ज अटळ होतं. मदतीची पत्रं सगळीकडे उशिरा गेल्याने प्रवेश स्वीकारण्याची १ मेची मुदत यूसी आणि कॅल स्टेटने १५ मेपर्यंत वाढवली होती. तिने १४ तारखेला रात्री बटण दाबलं.

तिने ईओपीचाही अर्ज केला होता. एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोग्रॅम, १९६९ पासून कॅल स्टेटमध्ये आहे, कमी उत्पन्नाच्या आणि घरातल्या पहिल्याच पिढीच्या मुलांसाठी. तो अर्ज वेगळा भरावा लागतो आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेला कागद तोच. त्यातून ठरलेला समुपदेशक मिळाला, जो नाव ओळखतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुरू झाले. अ‍ॅलम रॉकहून २२ नंबरची बस पकडायची आणि डाउनटाउनला उतरायचं. विद्यार्थ्यांना बस फुकट. गंमत म्हणजे आम्ही ज्या वाचनालयात भेटलो ते मार्टिन ल्यूथर किंग वाचनालय शहराचं आणि विद्यापीठाचं मिळून एकच आहे, २००३ पासून. सेन्योरा वर्षानुवर्षं तिथे येत होत्या, पण मागच्या दाराने बाहेर पडलं की कॅम्पस लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दाराने त्या कधी गेल्याच नव्हत्या. एका संध्याकाळी मुलीने आम्हा दोघींना तिकडून नेलं. सेन्योरा हिरवळीपाशी थांबल्या आणि कुणी हटकेल का, असं विचारलं.

सॅन होजे स्टेट हे 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' विद्यापीठ आहे, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांत (पूर्णवेळच्या हिशेबाने) किमान २५ टक्के हिस्पॅनिक, स्पॅनिशभाषक मुळांचे. मला वाटलं होतं, इतकी आपली माणसं असताना परकं कशाला वाटेल? पहिल्या दोन महिन्यांत ती कुणाशीच बोलली नाही. वर्ग संपला की बस, बस संपली की घर. घरी राहणाऱ्या मुलांचं हेच होतं, कॅम्पस त्यांच्यासाठी पार्किंग लॉटसारखा असतो. शिवाय तिचं स्पॅनिश ऐकून मेक्सिकोतून नुकत्याच आलेल्या मुली हसायच्या. ऑक्टोबरच्या परीक्षेत रसायनशास्त्रात कधी नव्हे इतके कमी मार्क पडले आणि तिने मला विचारलं, कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, बदली घेता येते का? येते. कॅलिफोर्नियातली बहुतांश लॅटिनो मुलं तिथूनच सुरुवात करतात, त्यात कमीपणा काही नाही. पण ती ज्या सुरात विचारत होती, तो बदलीचा सूर नव्हता.

मी काही केलं नाही. केलं ते ईओपीच्या समुपदेशकाने. तिला प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला पाठवलं, एकटीला नाही, दुसऱ्या एका मुलीबरोबर. प्राध्यापकांच्या खोलीत विनाकारण जायचं नसतं, हे आपल्याकडेही मुलांच्या अंगात भिनलेलं असतं. इथे त्या वेळा मुलांनी यावं म्हणूनच असतात. त्या दुसऱ्या मुलीने तिला लॅटिनो विद्यार्थी केंद्रात नेलं, ज्याला सगळे नुसतं सेंट्रो म्हणतात. तिथे बसायला सोफे, छपाईयंत्र आणि घरचा डबा गरम करायला मायक्रोवेव्ह. डब्यात आईची बीन्स आणि टॉर्तिया, बाजूच्या मुलीच्या डब्यातही तेच. नोव्हेंबरपासून ती घरी यायला संध्याकाळी सातची बस घेऊ लागली, साडेतीनची नाही.

आणि एक अभ्यासक्रम. २०२० च्या कायद्याने कॅल स्टेटमध्ये पदवीसाठी एथ्निक स्टडीजचा, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या अभ्यासाचा, एक विषय सक्तीचा केला आहे. तिने चिकानो, म्हणजे मेक्सिकन अमेरिकन लोकांविषयीचा विषय घेतला. १९६८ च्या मार्चमध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांतून मेक्सिकन अमेरिकन मुलं चांगलं शिक्षण मागत हजारोंनी बाहेर पडली, आणि त्याच जूनमध्ये सॅन होजे स्टेटच्या पदवीदान समारंभातून तिथले मेक्सिकन अमेरिकन विद्यार्थी उठून गेले, हे ती घरी सांगत होती. वडिलांनी विचारलं, याच कॉलेजातून? मग ते बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. मला त्यातलं सगळं कळलं नाही, कारण त्या दिवशी ती माझ्यासाठी भाषांतर करायचं विसरली.

फॅफ्सा दरवर्षी भरावा लागतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पुढच्या वर्षीचा अर्ज २१ नोव्हेंबर २०२४ ला सगळ्यांसाठी उघडला, निवडणुकीच्या निकालानंतर दोन आठवड्यांनी. टेबलाशी पुन्हा बैठक झाली आणि या वेळी ती लांबली. ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरला तर राज्याची मदत राहते, पण पेल जाते. पत्ता तर गेल्या वर्षीच दिलेला. त्यांनी काय ठरवलं ते इथे नाही; तिने काढायला लावलेला परिच्छेद तोच.

आता धाकटा नववीत आहे. त्याला भूमितीत 'डी' मिळाला आहे. शाळेच्या दृष्टीने तो पास, पण ए-टू-जीला 'डी' चालत नाही, तो विषय पुन्हा करून 'सी' आणावा लागतो. उन्हाळी वर्गाची नोंदणी एप्रिलमध्ये उघडते आणि जागा लवकर भरतात. या वेळी शाळेत फोन बहिणीने केला, मला नंतर कळवलं.